भावाचा कॉम्प्युटर आणि साखळदंडातला राक्षस

पत्र असं आहे :

'दादा, मी ३६ वर्षांची आहे, नागपुरात प्रतापनगरला राहते आणि शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते. भाऊ बंगळुरूला गेला, जाताना त्याचा डेस्कटॉप माझ्याकडे ठेवून गेला. त्यात जीटीएक्स १०५० टीआय नावाचं ग्राफिक्स कार्ड आहे म्हणे. लहानपणी मला त्यानं कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही, म्हणून आता दोन आठवड्यांपासून हौसेनं बसते. आधी एक ऑनलाइन शूटिंगचा खेळ लावला. अर्ध्या मिनिटात मरायचे, डोकं गरगरायचं, आणि माइकवर माझा आवाज ऐकून एक पोट्टा जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही. मग भाऊ म्हणाला, सेकिरो खेळ, खरा खेळ तोच. त्यातल्या साखळदंडानं बांधलेल्या राक्षसानं मला सतरा वेळा मारलं. मोजले, सवय आहे. आमचे हे म्हणतात, "पैसे देऊन चिडचिड कायले विकत घेऊन राहिली?" यूट्यूबवर सगळे नुसते ओरडतात. रात्री साडेनऊला मुलगी झोपली की मला दीड तास मिळतो. शूटिंग, शेती, कोडी, लढाया, इतके प्रकार आहेत. तुम्ही सगळं खेळता, तर तुमचं मत सांगा, मी काय खेळू? की माझं वय गेलं?'

मॅडम,

सतरा वेळा मेल्यावर अठराव्यांदा बसण्याऐवजी तुम्ही पत्र लिहायला घेतलंत, त्यावरून डोकं ठिकाणावर आहे असं दिसतं. माझं नव्हतं. त्या राक्षसापायी माझ्या दोन अख्ख्या संध्याकाळी गेल्या, आणि तेव्हा माझ्या हातांना वीसेक वर्षांची सवय होती. तुमच्या हातांना दोन आठवड्यांची आहे. तेव्हा वयाची गोष्ट आधी बाजूला ठेवू.

भाऊ तुम्हाला एक सांगायला विसरला, कारण त्याला स्वतःलाच आता ते आठवत नसणार. या खेळांत डावा हात चालतो आणि उजवा हात बघतो. डब्ल्यू, ए, एस, डी ही चार बटणं म्हणजे पाय, माऊस म्हणजे मान. पेटीवाल्याचा एक हात भाता ओढतो आणि दुसरा सूर दाबतो, तसं. पेटीवर पहिल्या दिवशी बसलेल्या माणसाचा सूर लागला की भाता थांबतो आणि भाता ओढला की बोट चुकतं. तुमचंही तेच होत असणार : चालायचं, थांबायचं, वळून बघायचं, पुन्हा चालायचं. तुम्ही थांबून बघेपर्यंत समोरच्यानं गोळी घातलेली असते. ही एक वेगळी साक्षरता आहे, आणि ती कोणी शिकवत नाही. जो शिकला तो शिकल्याचं विसरून जातो आणि पुढे त्याला ते उपजत वाटू लागतं.

मी ती शिकलो २००३ च्या उन्हाळ्यात, सीताबर्डीवरच्या एका सायबर कॅफेत. दहा मशीन, एक खडखडणारा कूलर, तासाला वीस रुपये. घरी सांगायचं, क्लासला चाललो. ते खोटं आईपुढे सांभाळायचं काम माझ्या धाकट्या बहिणीकडे होतं. 'दादा क्लासले गेला' हे वाक्य त्या उन्हाळ्यात तिनं किती वेळा म्हटलं असेल! तिला मी एकदाही सोबत नेलं नाही. नेऊ नये असं ठरवलं होतं असंही नाही, मनातच आलं नाही. तिथे मुलीच नव्हत्या, आणि मुली नव्हत्या म्हणून मुली येत नव्हत्या. तुमच्या भावाचे हात चलाख आहेत ते अशाच कुठल्यातरी तासांच्या हिशेबावर. त्या खात्यात तुमच्या नावावर कोणी काही जमा केलं नाही, एवढंच.

आम्ही तिथे काउंटर-स्ट्राइक खेळायचो. माझं मत विचाराल तर शूटिंगच्या खेळांत इतका घट्ट बांधलेला दुसरा खेळ नाही. हाफ-लाइफ नावाच्या खेळावर दोन विद्यार्थ्यांनी १९९९ मध्ये तो बसवला. त्याची खरी मजा नेमबाजीपेक्षा पैशांच्या हिशेबात आहे. फेरी हरलात की पुढच्या फेरीत चांगली बंदूक परवडत नाही, मग सगळ्यांनी मिळून ठरवायचं की यंदा पिस्तुलावर भागवू आणि पुढच्यासाठी साठवू. पगाराआधीच्या आठवड्याचं गणित. डस्ट-टू हा त्याचा नकाशा २००१ चा, आणि अजून लोक त्याच गल्ल्यांतून धावून राहिलेत. तरी तुम्ही आज तिकडे जाऊ नका. समोर बसलेल्यांचे हजारो तास झालेले असतात. त्या पोट्ट्याचं म्हणाल, तर त्याच्या नावावर जाऊन म्यूट आणि मग रिपोर्ट, ही सोय अशा बहुतेक खेळांत असते. पण जिथे शिकायच्या आधी स्वतःला सांभाळावं लागतं तिथे काऊन जायचं?

दोन हातांची ही शिकवणी लावायची असेल तर पोर्टल घ्या. २००७ चा खेळ आहे. तेव्हा तो 'द ऑरेंज बॉक्स' नावाच्या पेटीत चार इतर खेळांबरोबर भरून आला होता. संत्र्याच्या गावी यायला याहून योग्य पेटी कोणती? तुमच्या कार्डाला तो घाम फोडणार नाही. हातात एक बंदूक असते, पण ती गोळी घालत नाही, भिंतीला भोक पाडते. एका भिंतीत एक, दुसऱ्या भिंतीत दुसरं, आणि एकात शिरलं की दुसऱ्यातून बाहेर. विसेक खोल्या, प्रत्येकीत एक कोडं. पहिल्या खोल्यांत तर बंदूकही देत नाहीत, फक्त चालायला आणि बघायला लावतात. शिकवणं कसं असावं हे तुम्हाला मी सांगायला नको, पण एक नवी गोष्ट, मग तीच जरा तिरकी करून, मग तिच्यात आधीची मिसळून, असा चढता क्रम मी पाठ्यपुस्तकांतही कमी पाहिला. मधे केव्हातरी उंचावरून खालच्या भोकात उडी मारावी लागते आणि तुम्ही समोरच्या भिंतीतून त्याच वेगानं आडव्या फेकल्या जाता. वेग तोच, दिशा बदलली. त्या खोलीत तुम्हाला नववीचा वर्ग आठवेल. शेवटची झुंज आणि मधल्या एखाद-दोन जागा सोडल्या तर घाई नाही, आणि खेळही लहानच आहे.

गरगरण्याचं मात्र खरं बोलतो : पोर्टलमध्येही काही जणांना गरगरतं, कारण बाहेर पडताना जग उलटंपालटं होतं. खोलीतला दिवा चालू ठेवा, खुर्ची मागे घ्या, पहिल्या आठवड्यात वीस मिनिटांवर बसू नका. पोटात ढवळायला लागलं की त्याच क्षणी बंद. 'एवढी खोली संपवते' म्हटलं की रात्र गेली. इतर खेळांच्या सेटिंगमध्ये 'मोशन ब्लर' दिसलं तर बंद करा आणि 'फील्ड ऑफ व्ह्यू' दिसलं तर थोडं वाढवा, पुष्कळांना त्यानं आराम पडतो.

पोर्टल झालं की रिटर्न ऑफ द ओब्रा डिन. हे मी प्रत्येकाला सुचवत नाही, गणिताच्या बाईंना सुचवतोय. १८०७ साल, ईस्ट इंडिया कंपनीचं हरवलेलं जहाज बंदरात परत आलंय, वर जिवंत कोणी नाही. तुम्ही कंपनीच्या विमा तपासनीस. साठ माणसं होती, त्यातल्या प्रत्येकाचं नाव आणि त्याचं काय झालं हे वहीत भरायचं. एका घड्याळानं मेलेल्या माणसाचा शेवटचा क्षण गोठलेला दिसतो, त्यात हिंडून पुरावे वेचायचे : कोणाच्या बोटात अंगठी, कोण कुठल्या भाषेत ओरडला, कोणाच्या झोळीवर कितवा आकडा. तीन नोंदी बरोबर झाल्या तरच वही त्या पक्क्या करते, म्हणजे ठोकताळ्यानं उत्तर लिहिणाऱ्यांची सोय काढून टाकली आहे. तुमच्या दहावीच्या पोरांना दाखवण्यासारखी युक्ती. लुकास पोप नावाच्या एका माणसानं २०१८ मध्ये हा खेळ काढला, जवळजवळ एकट्यानं, आणि सगळं चित्र फक्त दोन रंगांत. मी तो एका पावसाळ्यात खेळलो आणि संपल्यावर चार दिवस दुसरं काही लावलं नाही. वाईट एवढंच की उत्तरं कळल्यावर तो दुसऱ्यांदा खेळता येत नाही.

ज्या रात्री पेपर तपासून डोळे गेलेले असतील त्या रात्रींसाठी नुसत्या माऊसचे खेळ ठेवा. बालाट्रो हा २०२४ चा पत्त्यांचा खेळ आहे. सारख्या दोन पत्त्यांच्या साध्या जोडीचे मूळ गुण १० आणि गुणक २. पत्त्यांचे आकडे गुणांत मिळवायचे आणि गुणाकार करायचा. पहिली पायरी ३०० ची, पण पुढे आकडे असे चढतात की दीडशे प्रकारच्या जोकरांपैकी कोणते हाताशी धरायचे यावरच डाव ठरतो. बेरीज वाढवणारा जोकर आधी की गुणाकार करणारा, क्रम बदलला की उत्तर बदलतं. पत्ते म्हटल्यावर घरात भुवया वर जातील, म्हणून सांगून ठेवतो : यात पैसे लावणं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा जो कायदा केला, त्याचा आणि याचा संबंध नाही. धोका दुसरा आहे. 'हा शेवटचा डाव' असं मी रात्री साडेअकराला म्हणालो होतो आणि दुधवाल्यानं बेल वाजवली. तुमचा दीड तास याच खेळात फुटेल, गजर लावून बसा.

आता शेती. स्टार्ड्यू व्हॅली तुम्हाला दहा जण सुचवतील, 'इतका शांत खेळ' म्हणून. एरिक बॅरोन या एकट्या माणसानं चार वर्षांवर खपून तो केला, २०१६ मध्ये आला, चित्रं, संगीत, सगळं त्याचंच. त्या मेहनतीपुढे हात जोडतो. पण शांत? त्यातला एक दिवस म्हणजे आपली सुमारे चौदा मिनिटं, आणि त्यात पाणी घाला, गुरं बघा, खाणीत जा, दुकान बंद व्हायच्या आत पोचा. मी तो खेळताना जितका धावलो तितका ऑफिसात धावत नाही. शिवाय विदर्भात वाढलेल्या माणसाला तो खेळताना हसू आवरत नाही. माल पेटीत टाकला की रात्रीत पैसे जमा. भाव आधीच ठरलेला. अडत नाही, तोलाई नाही, कर्ज नाही, अवकाळी नाही. माझ्या मामांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. त्यांना मी दाखवलं की या खेळात संत्र्याचं रोप २८ दिवसांत झाड होतं आणि भर उन्हाळ्यात फळ देतं. मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आपल्याकडे आंबिया बहार दिवाळीच्या सुमाराला, मृग बहार होळीच्या सुमाराला, आणि झाडाला फळ धरायला चार-पाच वर्षं. 'बाप्पा, ह्या गावात जमीन भेटते का विचार,' म्हणाले. तरी घ्यायचाच असेल तर घ्या, फक्त पहिल्या वर्षी सगळं करायच्या मागे लागू नका. तो खेळ ज्यांनी आळशासारखा खेळला त्यांनाच लाभला.

खऱ्या शांततेसाठी माझं मत ट्रकला. हसू नका. युरो ट्रक सिम्युलेटर २ हा प्रागच्या एका कंपनीचा २०१२ चा खेळ, आणि त्यात खरोखरच ट्रक चालवायचा असतो, माल पोचवायचा असतो, बाकी काही नाही. रस्ते १ : १९ प्रमाणात आखडलेले, म्हणजे एक देश ओलांडायला चहा थंड होईल एवढा वेळ लागतो. पाऊस, वायपर, रेडिओ. सिग्नल तोडला तर दंड पडतो, आणि आठ रस्ता चौकात पिवळ्या दिव्यावर गाडी दामटणारा मी तिथे मात्र लाल दिव्यापुढे मुकाट उभा राहतो. वर्धा रोडवर ट्रकवाल्यांना शिव्या देणंही माझं जरा कमी झालं. एवढं लांब धूड मागे घेऊन लावणं काय असतं ते कळलं. हा चारचाकीचा खेळ असल्यानं मान आणि पाय वेगळे चालवावे लागत नाहीत, तेव्हा गरगरण्याचा त्रासही तुम्हाला इथे कमी व्हावा.

लढायांचे, राज्यांचे खेळ थोडक्यात. एज ऑफ एम्पायर्स २ हा १९९९ चा, मी अजून खेळतो, पण त्यात एकाच वेळी पन्नास जणांना कामाला लावायचं असतं. शाळेतून तेच करून आलेल्या बाईंना रात्री पुन्हा तेच कशाला? सिव्हिलायझेशन ६ मध्ये आपली चाल संपेपर्यंत जग थांबतं, ते तुम्हाला मानवेल, पण एक डाव दहा-बारा तासांचा. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांआधी इन्स्टॉल करू नका. बाल्डर्स गेट ३ चं कौतुक सगळीकडे ऐकाल, कौतुक खरं आहे, पण तो दीडशे जीबी जागा मागतो आणि तुमच्या कार्डाला झेपायचा नाही. पुण्यात तयार झालेला राजी २०२० चा आहे, भिंतींवरची चित्रं बघत उभं राहावं असा. मारामारी मात्र गुळगुळीत नाही, आणि सवलतीत मिळाला तरच घ्या.

सेकिरोचं राहिलं. भाऊ चूक बोलला नाही. २०१९ चा तो उत्तम खेळ आहे, आणि मारामारीपेक्षा तालाचा आहे. समोरच्याची तलवार जिथे पडते त्या मात्रेवर आपली आडवी धरायची, तबल्याची साथ करावी तसं. पण तो राक्षस हा नियम मोडतो, तो सरळ उचलून आपटतो. म्हणजे खेळ नुकताच जे शिकवत होता ते तिथे फारसं चालत नाही, आणि नवखा माणूस स्वतःला दोष देत बसतो. त्याला आग सोसत नाही. त्याच्या आधी वाटेत एक म्हातारी बाई घंटी देते, ती पडक्या देवळातल्या बुद्धापुढे ठेवली की हिराता वाड्यात जाता येतं, तिथे आगीचं नळकांडं सापडतं. ते नायकाच्या कृत्रिम हाताला बसवून घ्या आणि मग या. पण यंदा नको. सेकिरोत सोपं-अवघड असं निवडायची सोयच नाही, आणि त्यावरून लोक फुशारक्या मारतात. उलट २०१८ चा सेलेस्त बघा : उड्या मारत डोंगर चढायचा, तोही जीवघेणा अवघड, पण सेटिंगमध्ये जाऊन खेळाचा वेग निम्म्यापर्यंत उतरवता येतो. मी तिसऱ्या टप्प्यावर वेग ऐंशी टक्के केला होता. भाच्यानं 'चीटिंग' म्हटलं. वर्गात एखाद्या पोराला तुम्ही गणित हळू समजावून सांगितलं तर ती चीटिंग होते का, असं त्याला विचारणार होतो, पण तो पोहे खाऊन राहिला होता.

तुमच्या ह्यांचं. 'बसून कसले खेळ' असं कधी म्हणाले तर याच नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला बसूनच बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून आली आणि त्याच डावांनी ग्रँडमास्टर झाली, एवढं सांगा आणि विषय बदला. त्याहून बरं म्हणजे त्यांना शेजारी बसवा. इट टेक्स टू हा २०२१ चा खेळ एकट्यानं खेळताच येत नाही, दोघं लागतात, पडदा मधून दुभागलेला. निदान एक कंट्रोलर (हातात धरायचं बटणांचं यंत्र) घ्यावा लागेल. गोष्ट घटस्फोटाला निघालेल्या नवरा-बायकोची आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. आणि त्यात खेळण्यातल्या हत्तीचा एक प्रसंग आहे, तो मुलगी झोपल्यावरच उरका. मोठी माणसंही तिथे गप्प होतात.

पैशांचं सोपं आहे. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातून खेळ घेतल्यापासून चौदा दिवसांत, आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर परत करता येतो. तेव्हा पहिला तास निर्दयपणे खेळा. नाही आवडला, परत. दुनियेनं डोक्यावर घेतलेला खेळ असला तरी परत. भावाच्या सेव्ह फाइल्सना, म्हणजे त्याचा खेळ कुठवर आला त्या नोंदींना, मात्र हात लावू नका, त्या एखाद्यानं लग्नाच्या अल्बमसारख्या जपलेल्या असतात. आणि मे महिन्यात कॉम्प्युटरचं कॅबिनेट कूलरच्या झोतासमोर ठेवू नका. ती ओली, धुळकट हवा आत गेली की पंख्यांवर जो थर बसतो तो मी टूथब्रशनं काढलेला आहे.

माझी बहीण आता अमरावतीला असते. दिवाळीला माझा जुना लॅपटॉप तिला दिला, त्यात तो ट्रक टाकून. वर काही बोललो नाही, तीही बोलली नाही. परवा रात्री अकराला फोन आला. मी घाबरून उचलला, तर मागे पाऊस आणि वायपरचा आवाज. 'दादा, एक जण पुढे आडवा उभा आहे, हॉर्न कोणत्या बटणावर आहे रे?'

एच वर आहे.